मांजलपूरची भिजलेली गाडी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात शिरले, तेव्हा मांजलपूरला आमच्या मावशीची गाडी दारातच बुडाली. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’. तसेच झाले. भंगाराची किंमत वजा होऊन पैसे मिळाले, गाडी मावशीकडेच राहिली. काकांनी हौसेने ती चालू करून घेतली आणि आता बेळगावला माझ्या धाकट्या भावाला द्यायची म्हणतात.

भाऊ हरखला. भावजय धारवाडची, ती म्हणाली, "मोदलु कागद नोडोण!"

तिचे बरोबरच होते. टोटल लॉस झाला म्हणून नोंदणी आपोआप रद्द होत नाही. ती आरटीओत रद्द होते. तशी झाली असेल, तर इंजिन कितीही गोड वाजो, नाद सोडावा. इंजिन बदलले असेल तर त्याची नोंद आरसीत हवी. चासीचा नंबर मात्र स्वतः वाकून वाचावा. भंगार गाडीचे कागद चोरीच्या गाडीला चिकटवणारे महाभाग असतात. (काका रागावले, पण नंबर वाचून दाखवला.)

मग बडोद्याची एनओसी, फॉर्म २८. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर केए-२२ नंबर आणि कर्नाटकचा रोड टॅक्स. नव्या विम्याच्या वेळी जुना टोटल लॉस लपवू नये, पुढचा दावा अडतो.

टॅक्सचा हिशेब मांडून भाऊ गप्प बसलाय. काल मावशीचा फोन आला, "सीटचा वास अजून जात नाही रे, तिकडच्या उन्हात जाईल का?"