खाटेजवळच्या माणसाचीही सोय हवी

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या मदतनिधीतून आपण गावाकडच्या रुग्णांसाठी पैसे पाठवतो. ते औषधांना, शस्त्रक्रियेला, यंत्रांना जातात. यंदापासून त्यातला निम्मा वाटा रुग्णाच्या सोबतीला राहणाऱ्या माणसासाठी ठेवावा, असा माझा आग्रह आहे. हे माणूस बहुधा बायको असते, नाहीतर नवरा.

माझ्या परभणी जिल्ह्याचंच पाहा. परभणीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२३मध्ये सुरू झालं. तरीही मोठं दुखणं निघालं की जिंतूर, पालम, सोनपेठकडचा पेशंट नांदेडला विष्णुपुरीच्या, छत्रपती संभाजीनगरला घाटी, नाहीतर थेट मुंबईला टाटा रुग्णालयात न्यावा लागतो. मुक्काम कधी महिना, कधी दोन महिने. पहिल्या आठवड्यात भाऊबंद भेटून जातात. सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी लागली की खाटेजवळ एकटी बायको उरते.

केसपेपर सांभाळायचे, तपासणीचे नमुने पोचवायचे, रक्तपेढीत थांबायचं, कूस बदलायची, भरवायचं, डॉक्टर राउंडला आले की रात्रीचा त्रास नीट सांगायचा. हे सगळं तिच्याकडे. आजारी बायको असेल, तर नवऱ्याची वेगळीच अडचण. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला सहसा थांबू देत नाहीत. तो व्हरांड्यात चादर टाकतो आणि आत हाक मारली तरी त्याला ऐकू जात नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने गरिबांना मोठा आधार दिला आहे. उपचारांबरोबर पेशंटचं जेवण आणि परतीचं भाडंही त्यात धरलेलं आहे. पण सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी त्यात येत नाही. इथे अमेरिकेत १९९३च्या कायद्याने पात्र नोकरदाराला आजारी जोडीदारासाठी वर्षात १२ आठवड्यांची रजा मिळते. बिनपगारी असली, तरी नोकरी शाबूत राहते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला रजा कोण देणार?

उपचारांनाच पैसा पुरत नाही, मग सोबतीवर कशाला, असं कुणी विचारेल. पण सोबतीचं माणूस थकून पडलं किंवा हातातले पैसे संपले, की कुटुंब उपचार अर्धवट सोडून गाव गाठतं. तोवर औषधांवर झालेला खर्चही वाया जातो. म्हणून सोबत सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे.

आपल्याकडे ही जाण जुनी आहे. गाडगेबाबांनी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग आजही राहतात. परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती हेच काम करते. असा आसरा नांदेड, संभाजीनगर आणि परभणीतही पुरेसा हवा.

माझ्या मागण्या तीन. सोबतीच्या माणसाला रोजचं जेवण आणि स्वच्छ निवारा मिळावा. मुक्काम लांबला तर बुडालेल्या मजुरीचा काही भाग थेट त्याच्या खात्यात जमा व्हावा. आठवड्यातून दोन रात्री खाटेजवळ बसायला मानधनावर स्थानिक मदतनीस असावा, म्हणजे त्या बायकोला किंवा नवऱ्याला सलग झोप मिळेल.

येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. परभणी, नांदेड, संभाजीनगरशी नातं असलेल्या सभासदांनी तिथल्या विश्वासू संस्थांची माहिती काढून आणावी आणि ठरावाच्या बाजूने उभं राहावं.