कारवानी जपायचा असेल तर आधी पैदास आवरा

"गल्लोगल्ली मोकाट कुत्री फिरत असताना जातिवंत कुत्र्यांची पैदास करायचीच कशाला?" असं नांदेडला शिकलेली माणसं विचारतात. उमरीच्या आसपासच्या आखाड्यांवर नेमकं उलटं ऐकू येतं : "कुत्र्याच्या पैदाशीला कसले आलेत नियम? माजावर आली की लावायची." एकाला पैदास हेच पाप वाटतं, दुसऱ्याला त्यात विचार करण्यासारखं काही आहे असंच वाटत नाही. मला ही दोन्ही म्हणणी अमान्य आहेत. या दोहोंच्या मधे आपल्या मुलखाचा कारवानी कुत्रा चिरडला जातो आहे. तो वाचवायचा तर जो मादी लावतो त्यानं त्या वेतातल्या शेवटच्या पिल्लाची, ते जगेल तोवर, जबाबदारी घेतली पाहिजे. ज्याची तेवढी तयारी नाही त्यानं मादी लावू नये.

कारवानी आपल्याला परका नाही. चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांच्या नि गाढवांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शनही भरतं. ज्या देवाला चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून त्यातला वाटा कुत्र्याला घालतात, त्याच्याच दारात कुत्र्याची पारख व्हावी, हे मला फार योग्य वाटतं. आखूड केसांचा तो कारवानी, कानाला आणि शेपटीला रेशमी झालर असलेला तो पश्मी. उंची खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास, लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. भरधाव पळताना एका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात. पश्चिम आणि मध्य आशियातल्या सलुकी, ताझी यांच्या कुळातला हा कुत्रा व्यापारी तांड्यांबरोबर दख्खनेत आला असं मानलं जातं. इथल्या खडकाळ माळावर, ज्वारीच्या भाकरीवर तो पिढ्यानपिढ्या पोसला गेला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली आणि कर्नाटकात त्याला मुधोळ हाउंड हे नाव पडलं. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांतलं एक मुधोळचं. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो. नावावरून दोन राज्यांत चालणारा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही.

आता पहिल्या आक्षेपाकडे येतो. त्यात तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. घरात राखण आणि सोबत एवढीच गरज असेल, रोज पळवायला रान नसेल, तर गावठी कुत्र्याचं पिल्लू आणावं. ते काटक असतं, हुशार असतं, आणि एका जिवाला घर मिळतं. पण मोकाट कुत्र्यांची संख्या जातिवंत पैदाशीमुळे वाढते, हे म्हणणं टिकत नाही. ती वाढते उघड्यावर पडणाऱ्या खरकट्यामुळे, कोंबडीच्या दुकानांमागच्या ढिगामुळे, आणि पाळलेली मादी मोकळी सोडून तिची पिल्लं पोत्यात घालून शिवारात सोडून देणाऱ्यांमुळे. त्यावर निर्बीजीकरण आणि लसीकरण हा उपाय आहे. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी ती जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकलेली आहे. जो पैदासकार प्रत्येक पिल्लू कुठं गेलं हे लिहून ठेवतो आणि गरज पडली तर ते परत घेतो, त्याचं एकही पिल्लू रस्त्यावर येत नाही. रस्त्यावर येतात ती बेहिशेबी पैदाशीची पिल्लं. म्हणून हा आक्षेप बेजबाबदार पैदासकारावर लागू होतो, पैदाशीवर नाही.

याच आक्षेपाची दुसरी, अधिक धारदार बाजू आहे. जातिवंत म्हणजे रोगट, असं म्हणणारे नॉर्वेचं उदाहरण देतात. 2022 साली तिथल्या न्यायालयानं कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीची पैदास प्राणी कल्याण कायद्याच्या विरोधात जाते असा निकाल दिला, कारण त्या जातीत हृदयाचे आणि मेंदूचे आजार ठाण मांडून बसले आहेत. पगाला श्वास घ्यायला होणारा त्रास तर आता नांदेडच्या सोसायट्यांमध्येही ऐकू येतो. हे खरं आहे. पण या कुत्र्यांची ही गत का झाली? माणसानं त्यांची निवड नाकाच्या आखूडपणावर, डोळ्यांच्या गोलाईवर केली. कारवानीची निवड शेकडो वर्षं एकाच कसोटीवर झाली : पळतो किती, आणि दमल्यावर किती लवकर सावरतो. ज्याला धाप लागायची तो मागं पडायचा, आणि मागं पडलेल्या नराला कुणी मादी लावत नसे. म्हणून आजही ही जात अंगानं निकोप आहे. ती तशीच राहील याची मात्र खात्री नाही. हल्ली मोबाइलवरच्या चित्रफितींसाठी अधिक उंच, अधिक बारीक तोंडाचे नर शोधले जातात, शर्यतीसाठी ग्रेहाउंडचं रक्त मिसळलं जातं. नॉर्वेतल्या निकालाचा धडा आपल्याला लागू पडतो तो इथं.

दुसरं म्हणणं आपल्याच माणसांचं आहे, म्हणून ते मला जास्त लागतं. "रक्त बाहेर जाऊ द्यायचं नाही," असं म्हणून बापाला लेक लावतात, भावाला बहीण. वर त्याला शुद्धता म्हणतात. हिशेब साधा आहे. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या पिल्लात जनुकांच्या जोड्यांपैकी सरासरी 25 टक्के जोड्यांत दोन्ही बाजूंना एकाच पूर्वजाची प्रत येते. जो दोष एकेरी प्रतीत झाकलेला असतो तो दुहेरी झाला की उघडा पडतो. पिल्लं कमी होतात, अशक्त होतात, आजाराला लवकर बळी पडतात. आणि मालक म्हणतो, नजर लागली.

हे आपल्या शेतकऱ्याला कळत नाही असं मी मानणार नाही. हाच लातूर-नांदेडचा मुलूख आहे, जिथं देवणी आणि लाल कंधारी घडल्या. देवणीतला वानेरा, बालंक्या आणि शेवरा लांबून ओळखणारी म्हातारी माणसं अजून आहेत. वळू निवडताना ती त्याच्या आईचं दूध विचारतात, बापाचा स्वभाव विचारतात, आपल्याच गोठ्यातल्या बैलाकडे गाय नेत नाहीत, दुसऱ्या गावचा वळू शोधतात. जो माणूस गाईसाठी वीस कोस चालेल तो कुत्रीसाठी शेजारच्या आळीपर्यंतही जात नाही, याचं कारण अज्ञान नव्हे. कुत्र्याला आपण हिशेबात धरत नाही. जात जपणं हे श्रीमंतांचं खूळ आहे म्हणणाऱ्यालाही देवणी हेच उत्तर आहे. ती जात बंगल्यांत घडली नाही, कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीला घडली.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. 2017 च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार पैदासकारानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी 18 महिन्यांची होईपर्यंत लावायची नाही, वर्षात एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात 5 हून जास्त नाहीत. रक्ताच्या जवळच्या नात्यात लावायचं नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. आपल्याकडे पिल्लू बहुधा महिन्याचं झालं की हातावेगळं करतात. "दूध सुटलं, भाकर खाऊ लागलं, आता आईजवळ काय काम?" काम पुष्कळ असतं. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं की चावा किती जोरानं घेतला की समोरचा ओरडतो. हे न शिकलेला कारवानी पुढं माणसाला बुजतो आणि भीतीनं दात दाखवतो, मग लोक म्हणतात ही जातच तापट. शिवाय आईच्या चिकातून आलेलं संरक्षण याच काळात ओसरू लागतं, आणि पार्वोची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची. लस न झालेलं पिल्लू मोटारसायकलवर पिशवीत घालून पन्नास मैलांवर नेलं, तिथं रक्ताची हगवण लागली, चौथ्या दिवशी गेलं, ही गोष्ट या भागात इतकी ऐकायला मिळते की तिचं कुणाला काही वाटेनासं झालं आहे. मला वाटतं. ते पिल्लू विकणाऱ्यानं मारलं.

"शिकार बंद झाली, आता या कुत्र्याचा उपयोग काय?" हा तिसरा प्रश्न. शिकार बंद झाली ते उत्तम झालं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सशावर, काळविटावर कुत्रा सोडणं गुन्हा आहे, आणि अजूनही चोरून सोडणाऱ्यांना जातीचा अभिमान सांगण्याचा अधिकार नाही. कारवानी सशाशिवायही जगतो. त्याला हवं असतं पळणं. सकाळी सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात दहा-पंधरा मिनिटं मन भरून पळाला की दिवसभर तो पोत्यावर निवांत पडून असतो, भुंकणंही बेताचं. घरच्यांवर जीव लावतो, पण गळ्यात पडत नाही, परक्यानं हात लावलेला त्याला खपत नाही. ही आब राखून राहण्याची त्याची रीत मला फार आवडते. मराठवाड्याच्या उन्हात त्याला पहाटेच पळवावं लागतं, थंडीत अंगावर चरबी नसल्यानं रात्री गोधडी लागते.

त्याच्यासोबत राहायचं तर त्याचं शरीर ओळखावं लागतं. आमच्या राणीला बघून येणारा-जाणारा विचारतो, "मालक, कुत्रीला खाऊ घालता की नाही?" तिच्या कमरेची हाडं वर दिसतात, शेवटच्या दोन-तीन फासळ्या मोजता येतात. ती तशीच दिसायला हवीत. फासळ्या दिसेनाशा झाल्या तर समजायचं, खुराक जास्त होतोय. गेल्या हिवाळ्यात ती मांजरामागे सुटली आणि काटेरी तारेच्या कुंपणातून पार झाली. खांद्यापासून फासळ्यांपर्यंत कातडी वीतभर उलगडली. तिला ना चरबीची गादी, ना दाट केस, कातडी इतकी पातळ की दुसऱ्या कुत्र्याला जिथं ओरखडा उठला असता तिथं हिचं मांस उघडं पडलं. टाके घालायला भूल द्यावी लागणार होती. डॉक्टरांनी सुई भरण्याआधी जात विचारली, आणि औषध बदललं. या कुळातल्या कुत्र्यांचं यकृत थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं सावकाश मोडतं, आणि अंगात चरबी कमी असल्यानं औषध रक्तातच रेंगाळतं. नेहमीच्या मात्रेनं कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. हे प्रत्येक मालकाला माहीत हवं, आणि ते त्याला सांगण्याचं काम पिल्लू देणाऱ्याचं आहे. पिल्लाबरोबर पट्टा आणि साखळी देतात, ही माहिती कुणी देत नाही.

म्हणून माझं मागणं मोठं नाही, पण ठाम आहे. प्रत्येक मादीची एक वही असावी : तिचे आई-बाप, आजा-आजी, कुठला नर लावला, किती पिल्लं झाली, किती जगली, कुणाकडे गेली. ज्या घरात ही वही नाही त्या घरच्या कुत्र्याला माळेगावच्या प्रदर्शनात बक्षीस देऊ नये, मग तो कितीही रुबाबदार असो. दिसण्याला गुण देता तसे वहीलाही द्यावेत. जिल्हा परिषदेला यासाठी नवा पैसा लागत नाही. कर्नाटकानं मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाचं संशोधन केंद्र उभं करून शेतकऱ्यांना पिल्लं आणि मार्गदर्शन दिलं, त्याच मुधोळचे कुत्रे पुढं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात गेले. उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी सुट्टीत घरोघरच्या या वह्या एकत्र करू लागले तर कोणत्या गावचा नर कोणत्या गावच्या मादीला दूरचा आहे हे पाच वर्षांत कळेल. आणि ज्या पिल्लात दोष दिसतो किंवा जे फक्त घरात पाळायला दिलं आहे, त्याचं निर्बीजीकरण करण्याची अट पिल्लू देतानाच कागदावर घालावी. त्यानं जातीचं काही नुकसान होत नाही, उलट तिचा पाया भक्कम होतो.

हे सगळं करताना पिल्लं कमी निघतील, पैसे कमी येतील. येऊ द्यावेत. वर्षात तीन-चार माद्या व्यायला लावून कमाई करणाऱ्यानं शेळ्या पाळाव्यात, उस्मानाबादी शेळी त्याला जास्त पैसे देईल आणि कुणाचं नुकसान करणार नाही.

या मार्गशीर्षात माळेगावला पिल्लू बघायला जाणार असाल तर पिल्लाआधी आई बघा. ती दाखवत नसेल तर पुढं चला. तिचं हे कितवं वेत, मागचं कधी झालं, नर कुठला, हे विचारा. पिल्लू किती दिवसांचं, जंताचं औषध कधी दिलं, लसीचं कार्ड कुठं आहे, ते बघा. आणि शेवटी विचारा, "दादा, उद्या मला नाही जमलं तर हे परत घ्याल का?" हो म्हणायला जो क्षणभर अडखळेल, त्याच्याकडचं पिल्लू उचलू नका.