पाऊस मोजता, मग आभाळातून पडणारी धूळ का नाही?



फेब्रुवारीत मी शेतात दोन बादल्या मांडल्या होत्या, तेव्हा पारावर बऱ्याच जणांनी मला हसून घेतलं. आज त्यांचा हिशोब देतो. जरा लांबेल, पण वाचा.

माझी मोसंबी पैठण तालुक्यात, कच्च्या रस्त्याला लागून आहे. त्या रस्त्यानं खडी क्रशरचे टिप्पर दिवसभर चालतात. आंब्या बहार फुलात असतो तेव्हा कडेच्या चार ओळींची पानं राखाडी झालेली असतात. पानावर बोट ओढलं की रेघ उठते. त्याच चार ओळींत कोळी आधी येतो आणि जास्त येतो, हे मी सहा वर्षं बघतोय. जाणकारांनी सांगितलं की धुळीत कोळी खाणारे मित्रकीटक टिकत नाहीत, कोळ्याला मात्र धूळ मानवते. म्हणजे फवारणी माझी, खर्च माझा आणि कारण रस्त्यावरचं.

तक्रार दिली. उत्तर आलं, हवेची गुणवत्ता मर्यादेत आहे म्हणून. सोबत आकडे जोडले होते ते शहरातल्या यंत्राचे, माझ्या बांधापासून तीस किलोमीटरवरचे. म्हटलं, "साहेब, हे माझ्या शेताचं कुठंय?" ते म्हणाले, "काका, जिथं यंत्र आहे तिथलाच आकडा देणार ना." माणूस खोटं बोलत नव्हता, म्हणून तर जास्त राग आला. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

मग बादल्या मांडल्या. ही पद्धत माझ्या डोक्यातली नाही. उघड्या तोंडाच्या बरणीत महिनाभर धूळ धरून तोलायची रीत भारतीय मानक ५१८२ च्या पहिल्या भागात दिलेली आहे. मी बरणीऐवजी एक फूट तोंडाच्या दोन बादल्या घेतल्या. धूळ उडून जाऊ नये म्हणून तळाशी पाणी, पण विहिरीचं नाही. विहिरीचं पाणी आटलं की खाली क्षारच उरतात, म्हणून बॅटरीत घालायचं पाणी आणलं. एक बादली रस्त्याकडं, दुसरी आत विहिरीजवळ, दोन्ही डोक्याएवढ्या उंचीवर. तीस दिवस, पाऊस नाही. पाला, किडे वेचून काढले, पाणी आटवलं आणि उरलेला गाळ वाळवून सराफाच्या काट्यावर नेला. सराफानं विचारलं, हे कुठलं भस्म?

रस्त्याकडं तीन ग्रॅम. विहिरीजवळ अर्धा ग्रॅम.

तीन ग्रॅम म्हणजे चिमूटभर वाटतं. पण एका एकरात एक फूट तोंडाच्या बादल्यांच्या मापाची साडेपंचावन्न हजार तोंडं बसतात. गुणाकार करून बघा, महिन्याला एकरी १६६ किलो होतात. डीएपीच्या तीन बॅगांहून जास्त. हा दर कडेच्या पट्ट्याचा, अख्ख्या बागेचा नाही, हे आधीच सांगतो. आतल्या दरानं एकरी २८ किलोच येतात. माझ्या घरगुती मोजमापात चूक असेल, दोन बादल्यांवर शास्त्र उभं राहत नाही. मग सरकारनं बरोबर मोजावं, माझं म्हणणं तेवढंच आहे.

आता कायदा बघा. देशाच्या हवेची मानकं नोव्हेंबर २००९ मध्ये नव्यानं जाहीर झाली. त्यात जी मर्यादा आहे ती "औद्योगिक, निवासी, ग्रामीण व इतर" क्षेत्रासाठी, सगळ्यांना एकच. ग्रामीण हा शब्द छापलेला आहे, मंडळी. बारीक धूलिकण, पीएम दहा, वर्षाच्या सरासरीनं ६० मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजेत, माझ्या शेतातसुद्धा. पण मोजतंय कोण? २०१९ ला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्यात आपलं संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद) आणि जालना मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत होते. वाळूजला मोरे चौकात यंत्र आहे, ते चांगलंच आहे, तिथल्या कामगारालाही श्वास घ्यायचाय. पण हवा महापालिकेच्या हद्दीपाशी थांबते का?

आणखी एक खोच. त्या मानकांत बारा प्रदूषकं आहेत आणि बाराही हवेत तरंगणारी. पानावर, फुलावर, मातीत जे बसतं त्याची मर्यादा त्यात नाहीच. माणसाच्या छातीचा विचार केला, तो करायलाच पाहिजे. झाडाच्या पानाचा मात्र राहून गेला.

काही जण म्हणतात, खेड्याची हवा शुद्ध, तिथं काय मोजायचं. ओझोनचं ऐका. उंच आभाळातला ओझोन आपल्याला वाचवतो, जमिनीलगतचा मात्र पीक खातो. तो कुठल्या धुराड्यातून निघत नाही. गाड्यांचा, कारखान्यांचा धूर उन्हात शिजून तो तयार होतो आणि वाऱ्यानं शहराबाहेर येता येता वाढतो. त्यामुळं कैकदा शहराच्या चौकापेक्षा बाहेरच्या शिवारात तो जास्त भरतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांचा २०१४ चा अभ्यास आहे. २००५ सालच्या हवेवरून त्यांनी काढलं की ओझोननं देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. हे गणित संगणकाच्या नमुन्यावर झालं. शिवारात पुरेशी मोजणी असती तर त्या आकड्यांची पारख झाली असती.

उगाच अफवा नको म्हणून सांगतो, कपाशीवरचा लाल्या हवेमुळं येतो असं मी म्हणत नाही. मॅग्नेशियम बघा, रात्रीची थंडी बघा, आपल्या तज्ज्ञांचं ऐका. तसंच आम्ल पावसाचं भूतही इथं कुणी उभं करू नये. आपल्या मातीत चुनखडी भरपूर आहे, त्याच मातीची धूळ हवेतलं बरंच आम्ल मोडते.

पण पावसात काय येतं हे कळलं तर पाहिजे? हवामान खात्याची पावसाचं पाणी तपासायची जुनी केंद्रं देशात दहा आहेत, त्यात महाराष्ट्रातली दोन, पुणे आणि नागपूर. आपण दोन्हींच्या मधोमध. तिकडं इंग्लंडात रोथमस्टेडच्या शेतावर लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५३ ला एकरच्या हजाराव्या भागाएवढं पर्जन्यपात्र बांधलं. कशासाठी? पावसातून पिकाला किती नत्र फुकट मिळतं ते बघायला. म्हणजे आभाळातून काय पडतं हा प्रश्न मुळात शेतीचा. पुढं युरोपात धुराड्यांतलं गंधक कमी झालं, तेव्हा तिथल्या तेलबियांना गंधक कमी पडायला लागलं. तिथं मोजणी होती, म्हणून कारण कळलं आणि खतातून गंधक द्यायला लागले. आपण सोयाबीनला गंधक टाकतो, पण वरून किती येतं ते वजा करत नाही. आकडाच नाही तर वजा काय करणार?

आणि नावे लिहायची वेळ आली की मात्र आम्ही वहीत असतो. देशानं संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या हिशोबात २०२० च्या हरितगृह वायूंपैकी १३.७२ टक्के शेतीच्या नावावर आहेत. त्यात आमच्या गाईचा ढेकर आहे, भाताचं खाचर आहे, युरियासुद्धा आहे. लिहा, आमची ना नाही. मीही पऱ्हाट्या पेटवल्या आहेत, ते लपवत नाही. गेली तीन वर्षं कुट्टी करतोय. पण आम्ही काय सोडतो ते टक्क्याच्या दोन घरांपर्यंत काढता, आणि आमच्यावर काय पडतं ते एका ग्रॅमनंही नाही, ही कसली खतावणी?

खर्चाचं कारण सांगू नका. गावोगाव लाखोंची यंत्रं कोण मागतंय? २०१७ पासून महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी राहिली, राज्यात दोन हजारांवर. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा तिथं मोजतात आणि त्याच आकड्यांवर आपला विमा ठरतो. त्याच कुंपणात एक धूळबरणी ठेवा. ओझोन आणि अमोनिया धरायच्या छोट्या नळ्या असतात, त्यांना वीज लागत नाही. काही आठवडे टांगायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. सुरुवातीला तालुक्याला एक मंडळ घ्या, जिथं क्रशर, वीटभट्टी, एमआयडीसी किंवा मोठा रस्ता आहे ते आधी. तपासणी परभणीच्या विद्यापीठाकडं द्या. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रानं धुळीच्या आणि बिनधुळीच्या झाडांची फळधारणा शेजारी शेजारी मोजावी, माझी चार ओळी झाडं त्यासाठी मोकळी आहेत. आणि पीकविम्याच्या यादीत गारपीट, पूर, कीड, वीज सगळं आहे, धूळ नाही. आकडा आल्याशिवाय ती तिथं येणार नाही, आणि क्रशरवाल्याला रस्त्यावर पाणी मारायलाही कुणी लावणार नाही.

इथं बरेच कृषी सहायक आणि विद्यापीठातली मंडळी वाचतात. माझ्या मोजणीत खोट असेल तर खाली लिहा, पुढच्या वेळी दुरुस्त करतो. ज्यांचं शेत रस्त्याला किंवा भट्टीला लागून आहे त्यांनी एकाच दिवशी दोन बादल्या मांडू. दिवाळीनंतर, पाऊस उघडल्यावर, १ डिसेंबर धरू. पाणी बॅटरीचंच घ्या, आणि बादलीवर जाळी बांधा. माझ्या एका बादलीत पहिल्याच आठवड्यात कावळा बसून गेला होता, ती मोजणी मला परत पहिल्यापासून करावी लागली.