दोन मोटारी

मुलांनो, अहिल्यानगर, म्हणजेच आपले जुने अहमदनगर, येथे लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ साली ते सुरू झाले. तेथील अवाढव्य रणगाड्यांच्या मेळाव्यात एक चिलखती मोटारही उभी आहे. ती 'रोल्स रॉईस' कंपनीची 'सिल्व्हर घोस्ट' होय. ही मोटार मूळची राजेरजवाड्यांच्या दिमाखाची. परंतु १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा तिच्या सांगाड्यावर पोलादी चिलखत चढवून आणि वर मशीनगनचा बुरूज बसवून तिला रणांगणावर धाडण्यात आले.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. त्या मोटारीपुढे मुले थक्क होऊन उभी राहिली. परत निघालो, तो बाहेर रस्त्याकडेला एक 'नॅनो' मोटार दिसली, आणि तीच मुले खो खो हसू लागली!

त्यांना हसू यावे हे साहजिक होते. एकीचे वजन सुमारे चार टन, तर दुसरीचे सहाशे किलोच्या आसपास. इंजिनाच्या आकारात तर जवळजवळ बारा पटींचा फरक! परंतु या दोघी अशा का घडल्या, याचा विचार मात्र कोणी केला नाही.

आतील सैनिकास गोळी लागू नये, म्हणून पहिलीच्या अंगावर इतके लोखंड चढले. दुसरीच्या मुळाशीही जिवाची काळजीच होती. आई, वडील आणि मुले एकाच स्कूटरवर दाटीवाटीने बसून पावसातून चालली आहेत, असे दृश्य रतन टाटा यांनी पाहिले होते. अशा कुटुंबास परवडेल अशी मोटार करावयाची, असे त्यांनी ठरविले. २००८ साली त्यांनी नॅनो लोकांपुढे आणली. तिची किंमत कर सोडून एक लाख रुपये होती. त्यासाठी कारागिरांनी केवढी काटकसर केली! चाकास चाराऐवजी तीन नट, काचेस दोनांऐवजी एकच वायपर; इंजिन मागे नेले, म्हणून आत चौघांना ऐसपैस जागा मिळाली.

तरीही नॅनो अपेक्षेइतकी खपली नाही. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्यात उणिवा नव्हत्या असे नाही. परंतु 'सर्वांत स्वस्त मोटार' हे बिरुदही तिला भोवले. स्वस्त मोटारीतून उतरताना लोक काय म्हणतील, अशी लाज अनेकांना वाटली. माझ्या मते हा दोष मोटारीचा नव्हे, आपल्या दृष्टीचा आहे. पावसात भिजण्याची लाज वाटत नाही, आणि लहान मोटारीत कोरडे बसण्याची वाटते, हे नवलच नव्हे काय?

सिल्व्हर घोस्टपुढे थक्क व्हा; ती त्या योग्यतेचीच आहे. परंतु रस्त्यात एखादी नॅनो दिसली, तर हसण्यापूर्वी ती कोणासाठी घडविली होती, हे आठवा.