हसू येते, म्हणून बोलता येते

आमचे घर कोपरीत, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला. पहाटे कोकणकन्या आली की गावाकडची माणसे बॅगा घेऊन चालतच आमच्याकडे पोहोचतात. 2015 मध्ये वडील आयसीयूत होते तेव्हाही अशीच येत राहिली. चौदा माणसे, दोन खोल्या. रात्री चहाचे आधण ठेवले की जमिनीचा वाद, कोणाचे लग्न, सगळे विषय निघत. मशीन काढायचे का, हा एक सोडून. शेवटी डॉक्टरांनी विचारले तेव्हा आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिलो. वडिलांना काय हवे असते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

पुढच्या वर्षी राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’ आला आणि पडद्यावर मला आमचीच खोली दिसली. कामेरकरांचे गजूकाका कोमात, गणपती तोंडावर आणि नातेवाइकांना काकांइतकीच सणाची चिंता. थिएटर खदखदून हसत होते. मरणाची थट्टा केली, असे आमच्या एका मामांचे मत. मला ते पटत नाही. हसू कोणावर आहे, हे पाहायला हवे. एकेकाळी कोणी विचित्र वागला की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणायचे, की हशा ठरलेला. 1901 पासून इथे मनोरुग्णालय आहे, हे ठाणेकरांना कोणी विसरू देत नाही. ते हसू आजाऱ्यावर असे. मापुसकर खाटेवरच्या माणसाला थट्टेबाहेर ठेवतात. हसायचे ते बाहेर ताटकळणाऱ्यांना, म्हणजे आपल्याला. म्हणूनच बापाशी न पटलेला प्रसन्न (जितेंद्र जोशी) निर्णयापाशी येतो, तेव्हा आपण बेसावध असतो.

2017 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा मान मापुसकरांना मिळाला आणि सुवर्णकमळ नैराश्यावरच्या ‘कासव’ला. ‘कासव’ मला अधिक खोल वाटतो. पण तो मी एकट्याने पाहिला. ‘व्हेंटिलेटर’ घराने मिळून.

मधल्या काळात कायदा बदलला. बरे होण्याची आशा नसेल तर यंत्रांवर ठेवू नका, असे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केला. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. प्रत्यक्ष वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळे पाहून ठरवतात. एवढे सोपे झाले, तरी माझ्या ओळखीत असा कागद केलेले एकही घर नाही. आईबापांसमोर विषय काढायचा कसा, ही खरी अडचण.

आमच्याकडे तो आईनेच काढला. टीव्हीवर पुन्हा ‘व्हेंटिलेटर’ लागला होता. डोळे पुसत, हसतच म्हणाली, “माझ्या वेळी एवढी माणसं गोळा करू नका रे. आणि त्या नळ्याही नकोत मला.”

आमचे हसणे थांबले. धाकट्याने रिमोट उचलून आवाज वाढवला. पण या वेळी मी तो बंद केला आणि आईला विचारले. तासभर ती बोलत होती, अधूनमधून वडिलांबद्दलही.

आता कागद लिहून तयार आहे. शेजारच्या काकू साक्षीदार व्हायला कबूल आहेत, दुसराही मिळेल. धाकटा म्हणतो, “सहीचं नंतर बघू, आधी गणपती होऊ देत.”

आई रोज विचारते, नोटरी किती वाजेपर्यंत बसतो?