लसीनंतर खांदा धरला, तर भरपाई कोणाकडे मागायची?

लस घेतल्यावर दोन दिवस हात दुखतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण महिना उलटला तरी नमाजच्या तकबीरला हात कानापर्यंत जात नसेल, तर ते साधं दुखणं नव्हे. सुई दंडात न टोचता खांद्याच्या फार वर टोचली, तर सांध्याजवळ सूज धरते. यात दोष लसीचा नसतो, टोचण्याच्या जागेचा असतो. म्हणून लस टाळू नका. हजला जाणाऱ्यांना तर मेंदूज्वराची लस सक्तीचीच आहे.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने भरपाईची योजना आली. २०१७ मध्ये खांद्याची ही दुखापत तिच्या यादीत घेतली. त्रास ४८ तासांत सुरू झाला आणि बाकीच्या अटी जुळल्या, तर तिथे चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही.

आपल्याकडे अशी यादी नाही. कोविड लसीनंतरच्या मृत्यूंच्या प्रकरणात केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं, की भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही, लोकांनी दिवाणी कोर्टात जावं. म्हणजे हलगर्जीपणा सिद्ध करण्याचं ओझं रुग्णावरच.

मग शिरूर-दौंडच्या माणसाने काय करायचं? आधी पाहा, सुई पैसे देऊन घेतली की मोफत. खासगी दवाखान्यात पैसे दिले असतील, तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षांची. सर्वांना मोफत सेवा देणारे सरकारी दवाखाने मात्र सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालानुसार ग्राहक कायद्याबाहेर आहेत. तिथे दिवाणी दावाच लावावा लागतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

पण दोन्हीकडे कागद लागतो. लसीची तारीख, पावती, कोणत्या हाताला टोचली याची नोंद जपा. त्रास थांबेना तर घरगुती मालिशवर दिवस काढू नका; डॉक्टरांकडून केसपेपरवर दुखणं कधी सुरू झालं ते लिहून घ्या आणि आरोग्य केंद्रात लसीनंतरच्या त्रासाची नोंद करायला सांगा.

आमच्या मते गरिबाला कोर्टात पाठवणं म्हणजे त्याला घरी बसवणंच आहे. सरकार लस घ्या म्हणतं, तर क्वचित कोणाला इजा झाल्यास त्याचा भार सरकारनेच उचलावा. त्याने लसीवरचा विश्वास वाढेल, घटणार नाही.