पैसे आपले, मग गेम आपला का नाही?

मागच्या दिवाळीत इचलकरंजीला मामाकडे गेलो होतो. फराळाची ताटली हातात येते न येते तोच मामेभाऊ मोबाईल घेऊन हजर. "दादा, तू इंजिनिअर आहेस ना? मग हा गेम चालू करून दे."

पठ्ठ्यानं मामीच्या यूपीआयवरून ४९९ रुपये भरून एक रेसिंग गेम घेतला होता. उघडला की चक्र नुसतं गोल फिरायचं आणि शेवटी 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' असा मेसेज. मी नेट तपासलं, कॅश साफ केली, गेम काढून परत टाकायला गेलो तर स्टोअरवर गेमच नाही! थोडं शोधल्यावर कळलं की कंपनीनं दोन महिन्यांपूर्वीच सर्व्हर बंद केलेत.

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मिक्सर घेतला तर दुकानदार रात्रीत येऊन उचलून नेतो का? पैसे दिलेत ना आपण?"

प्रश्न साधा आहे, पण आजच्या घडीला गेम, ॲप, ई-बुक अशा सगळ्याच डिजिटल गोष्टींचा हाच मोठा वाद आहे. म्हणून आज त्याबद्दल.

'बाय' बटण दाबल्यावर आपण नक्की काय घेतो?

बहुतेक वेळा वस्तू नाही, तर वापरायची परवानगी. हिला लायसन्स म्हणतात. ही परवानगी कधी आणि कशी संपेल, हे 'आय ॲग्री'च्या वर असलेल्या त्या लांबलचक मजकुरात लिहिलेलं असतं, जो तुम्ही वाचत नाही. खरं सांगायचं तर मीही वाचत नाही.

पूर्वी सीडीवरचा गेम कॉम्प्युटरमध्ये टाकला की झालं. कंपनी बुडाली तरी गेम चालायचा. आता अनेक गेम्सचा अर्धा भाग तुमच्या फोनमध्ये आणि अर्धा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. लॉगिन, तुमची लेव्हल, विकत घेतलेल्या स्किन्स हे सगळं तिकडे. तिकडचा दिवा विझला की इकडचा अर्धा भाग नुसता फोनची जागा अडवतो.

'द क्रू'चं प्रकरण

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे युबिसॉफ्टचा 'द क्रू'. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला कार रेसिंगचा गेम. एकट्यानं खेळायचा म्हटलं तरी त्याला सर्व्हर लागायचाच. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे गेमची डिस्क होती, त्यांचीही डिस्क निरुपयोगी झाली. पुढे खेळाडूंच्या खात्यातून गेमचं लायसन्सही काढून घेतलं गेलं.

यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरनं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपियन युनियनमध्ये नागरिकांच्या पुढाकाराची एक सोय आहे: १० लाख सह्या जमल्या की युरोपियन कमिशनला उत्तर द्यावंच लागतं. जुलै २०२५ मध्ये या मोहिमेनं तो आकडा पार केला. मागणी काय, तर सर्व्हर जन्मभर चालवा असं नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच. दबाव वाढल्यावर युबिसॉफ्टनं 'द क्रू २' साठी ऑफलाइन मोड जाहीर केला. म्हणजे जमवायचं ठरवलं तर जमतं.

आपण हे आधीच बघितलंय

हे लांबचं वाटत असेल तर २०२० आठवा. २ सप्टेंबरला सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली आणि त्यात पबजी मोबाईल होता. कारण वेगळं होतं, पण ज्यांनी खिशातले पैसे घालून स्किन्स घेतल्या होत्या, त्यांच्यासाठी परिणाम तोच. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, तेव्हा जुना डेटा आणायची सोय दिली गेली. पण ती दिली म्हणून मिळाली! जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. म्हणजे आपली 'इन्व्हेंटरी' आपल्या खिशात कधीच नव्हती.

पुस्तकांचंही तेच. २००९ मध्ये ॲमेझॉननं लोकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परस्पर काढून टाकली होती, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. त्यातलं एक होतं जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'. पैसे परत मिळाले, माफीही मागितली गेली, पण मामीचा मिक्सरचा प्रश्न उरलाच.

पॉडकास्ट मात्र का वाचले?

इथे एक गंमत आहे. २०२४ मध्ये गूगलनं स्वतःचं गूगल पॉडकास्ट्स हे ॲप बंद केलं. मी ते रोज बसमध्ये वापरायचो. बातमी वाचून वैतागलो, आणि मग दहा मिनिटांत दुसऱ्या ॲपवर गेलो. माझे सगळे शो जसेच्या तसे तिथे आले.

कारण पॉडकास्ट चालतो आरएसएस फीडवर. (संघ नव्हे हो, रिअली सिंपल सिंडिकेशन!) शो बनवणारा एक साधी फाईल इंटरनेटवर ठेवतो. त्यात प्रत्येक भागाचं नाव आणि ऑडिओचा पत्ता असतो. ही फाईल कुठलंही ॲप वाचू शकतं. तुम्ही ऐकत असलेल्या शोंची यादीसुद्धा ओपीएमएल नावाच्या फाईलमध्ये बाहेर काढता येते. ॲप म्हणजे फक्त रेडिओचा डबा. डबा बदलला तरी स्टेशन तेच. मात्र एखादा शो एकाच ॲपवर 'एक्सक्लुझिव्ह' असेल, तर त्याची गत गेमसारखीच.

म्हणजे ॲप दोन्हीकडे मेलं. गेम ॲपबरोबर गेला, पॉडकास्ट राहिला. फरक कंपनीच्या चांगुलपणाचा नव्हता, रचनेचा होता.

दुसरी बाजू, आणि माझीही

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सर्व्हरला दर महिन्याला पैसे लागतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची भोकं राहतात. गेममधल्या गाड्या आणि गाण्यांचे करार संपतात. लोकांना स्वतःचे सर्व्हर चालवू दिले, तर तिथे काय चालतं याची जबाबदारी कोणाची, असाही त्यांचा सवाल आहे.

मी हे आतून बघितलंय. माझ्या पहिल्या नोकरीत आमचं घरखर्चाच्या हिशेबाचं एक छोटं ॲप होतं. वापरणारे कमी, खर्च जास्त, म्हणून बंद करायचं ठरलं. सर्व्हर बंद करायची कमांड मीच चालवली. आठवड्यानं सपोर्टच्या मेलवर एका बाईंचा मेल आला: तीन वर्षांचा हिशेब होता, कुठे मिळेल? कुठेच मिळणार नव्हता. हिशेबाची एक एक्सेल फाईल डाउनलोड करायचं बटण द्यायला मला फार तर दोन दिवस लागले असते. ते यादीत होतं, पण 'नंतर बघू' म्हणून राहिलं. मीही आग्रह धरला नाही. मिक्सर उचलून नेणाऱ्यांत मीही होतो, म्हणा ना.

कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नियम आहे: फक्त लायसन्स देत असाल तर 'बाय' लिहून फसवू नका, तसं स्पष्ट सांगा. स्टीमवर पैसे भरताना आता अशी सूचना दिसते. आपल्याकडे २०२० चे ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत, त्यामुळे फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार करता येते.

माझं मत विचाराल तर नुसती सूचना पुरेशी नाही. एकरकमी पैसे घेऊन विकलेला गेम ऑफलाइन चालायलाच हवा, आणि ॲप बंद करताना डेटा बाहेर काढायची सोय सक्तीची हवी.

तोपर्यंत आपण काय करायचं?

- पैसे भरण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि गेमचा फुकट भाग चालतो का बघा.
- शक्य तिथे ऑफलाइन इन्स्टॉलर देणारं दुकान निवडा. पीसी गेम्ससाठी जीओजी तसं आहे.
- गेस्ट अकाउंटवर पैसे घालू नका. लॉगिन कोणतं वापरलं ते लिहून ठेवा.
- नोट्स, फोटो, हिशेब ठेवता त्या ॲपमध्ये 'एक्सपोर्ट' शोधा. सापडला तर आजच एकदा वापरा. नसेल तर ॲप बदला.
- सर्व्हर बंद होणार असा मेल आला तर त्याच दिवशी रिफंड मागा. गूगलनं स्टेडिया बंद करताना गेम्सचे पैसे परत दिले होते, म्हणजे मागणं अवाजवी नाही.

मामेभावाला ४९९ रुपये परत मिळाले नाहीत, मुदत उलटून गेली होती. आता तो नवीन गेम घेण्याआधी मला व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न पाठवतो: "दादा, हा नेट बंद करून चालतो का?"

दहावीतल्या पोराला सुचलेला हा प्रश्न त्या ॲपच्या मीटिंगमध्ये मी विचारायला हवा होता.